पाय न लागलेली गादी

ॲन्सेल टॉलिव्हरला खाली बघायचं ठाऊकच नव्हतं. वारा प्यायलेल्या घोड्यासारखा धावत यायचा, बुटाचं टोक माझ्या अंगावर आपटायचा, आणि नजर मात्र बाकांवर बसलेल्या लोकांकडे! ज्याच्यावर पाय देऊन पुढे जायचं त्याच्याकडे माणसाने निदान एकदा तरी बघावं की नाही? बाकीचे बघायचे. आमचे पाळकसाहेब तर पोट सांभाळत, धापा टाकत यायचे, तरी पाय देताना "माफ कर गं बाई" म्हणायचे. ॲन्सेलला कधी तेवढी सवड झाली नाही.

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. निजायची नव्हे आणि बसायचीही नव्हे. बेसबॉलच्या मैदानात तिसऱ्या कोपऱ्यावर खिळून ठेवलेली, दोन विती लांब, दोन विती रुंद, जाड कापडाची गादी. फटका मारणारा आपल्या जागेवरून सुटतो, पहिल्या गादीवर पाय देतो, मग दुसऱ्या, मग माझ्यावर, आणि जिथून निघाला तिथेच परत पोचतो. त्या जागेला घर म्हणतात. घरी पोचला की एक धाव. वाटेतल्या प्रत्येक गादीला पाय लागला पाहिजे, नाहीतर ती धाव खोटी. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, अक्षर मला येत नाही. पण पाय मला वाचता येतो. कोण घाबरलाय, कोण भांडून आलाय, कुणाच्या बुटाच्या तळाला पुठ्ठा घातलाय, सगळं मला कळतं.

माझा जन्म अर्झुला गेन्सच्या हातचा. गिलाद चर्चच्या मंडळीतली ही सगळ्यात थोरली बाई. लहानमोठे सगळे तिला मोठी आई म्हणायचे. बावीस हंगाम तिने कापूस वेचला. खांद्याला अडकवून जमिनीवरून फरफटत न्यायची लांबलचक झोळी असते ना, तिच्या कापडाची मी. ज्या वर्षी तिचे गुडघे गेले, त्या वर्षी तिने ती झोळी स्वयंपाकघरात आणली, कात्रीने तिचे तुकडे केले आणि दाभण घेऊन बसली.

"पिठाच्या पिशव्या मांडून खेळतात मेले," ती नवऱ्याला म्हणाली. "दर शनिवारी फाटतात, दर शनिवारी पीठ उडतं. आणि म्हणे आम्ही देवाची लेकरं! देवाच्या लेकरांना धड गादी नको?"

"अगं, खेळच आहे तो," नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. खेळात ढिला तो प्रार्थनेतही ढिला."

सरकीची टरफलं, लाकडाचा भुसा आणि गायकांच्या जुन्या निळ्या झग्याच्या चिंध्या एवढं आमच्या पोटात भरलं. दोऱ्याला मेण लावलं. आम्ही तिघी बहिणी झालो. थोरली पहिल्या कोपऱ्यावर गेली. तिथे जो येतो तो थांबतो, गप्पा मारतो, म्हणून ती वाचाळ झाली. मधली पार मैदानाच्या पलीकडे एकटी. आणि मी तिसरी. माझ्यापासून घर तीस पावलांवर. इतक्या जवळून घर बघायचं आणि तिथे कधी जायचं नाही, असं माझं नशीब. पण माझ्याशिवाय कुणी घरी पोचत नाही, हा माझा तोरा.

चर्च माझ्या पाठीशीच होतं. पांढऱ्या फळ्यांचं, दोन पायऱ्यांचं, उन्हाळाभर खिडक्या सताड उघड्या. रविवारी खेळ बंद. मोठी आई आम्हाला शनिवारी संध्याकाळी उचलून, धुऊन चर्चच्या मागच्या कठड्यावर वाळत टाकायची. तिथून मला आतलं गाणं ऐकू यायचं, टाळ्या ऐकू यायच्या, पण दिसायचं काहीच नाही. मला नवल वाटायचं. काल चिखलात लोळणारे, पंचाला आंधळा म्हणणारे, हेच का हे? आत गेल्यावर हे वेगळे होतात की तेच राहतात? आणि सोमवारी त्या गाण्याचं काय होतं? ते बुटाच्या तळाशी थोडं तरी चिकटून राहतं का? मी दर शनिवारी शोधायची. कधी सापडायचं. एखादा धावणारा माझ्यावर येऊन आदळायचा, माझ्याजवळ उभ्या राहिलेल्या समोरच्या खेळाडूला धक्का लागायचा, आणि धूळ झटकायच्या आधी तो त्यालाच हात देऊन उठवायचा. कधी नाही सापडायचं.

सामन्याआधी दोन्ही संघ हातात हात घालून गोल उभे राहायचे आणि प्रार्थना करायचे. आपला संघ जिंकावा म्हणून इकडचेही देवाला सांगणार, तिकडचेही सांगणार. मग देव ऐकतो कुणाचं? हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पंच असायचे आयसम थ्रेडगिल. चर्चचं कामकाज बघणाऱ्यांतले सगळ्यात जुने कारभारी, माणूस सरळ, पण दृष्टी अधू. ते टोपी काढून मोठ्याने म्हणायचे, "देवबापा, आज मला चांगले डोळे दे. तेवढं जमत नसेल तर या लोकांना जरा मऊ जीभ दे."

अशी मी एकोणीस वर्षं मैदानात काढली. मग रबराच्या गाद्या आल्या. गुळगुळीत आहेत, धुवाव्या लागत नाहीत. थोरली पावसात कुजली, मधली कुणीतरी कुत्र्याला निजायला नेली. मी गायकांच्या खोलीच्या दाराला टेकण म्हणून पडले. वाऱ्याने दार आपटू नये एवढंच आता माझं काम. मुलं जाता येता लाथ मारतात. दुःख होतं, नाही असं नाही. पण चर्चच्या आत एकदाची आले, गाणं जवळून ऐकते. मित्रांनो, तुमच्या घरात असं एखादं जुनं काही कोपऱ्यात पडलेलं असेल, तर टाकून द्यायच्या आधी एकदा उचला. उलटं करा, सुलटं करा, त्याच्यावर काय आहे आणि काय नाही ते नीट बघा. मोठी आई तशी बघायची. तिने बघितलं म्हणूनच त्या शनिवारची गोष्ट झाली.

तो सामना बेथेल चर्चशी होता. उन्हाळ्याच्या शेवटी दरवर्षी व्हायचा. रीत अशी होती की हरलेल्या चर्चने मासे तळायचे, जिंकलेल्यांनी झाडाखाली बसायचं, आणि हरलेल्यांनी कंबरेला फडकी बांधून त्यांना वाढायचं. सात वर्षं आमचं गिलाद हरत होतं. सात वर्षं आमच्या बाया बेथेलच्या लोकांना वाढत होत्या आणि हसून "अजून घ्या" म्हणत होत्या. घरी गेल्यावर काय म्हणत होत्या ते मी सांगत नाही.

त्या वर्षी ॲन्सेल आमचा कर्णधार होता. पोरगा वाईट नव्हता, हे मी कबूल करते. फटका असा की चेंडू कापसाच्या शेतात जाऊन पडावा. गळा गोड. पुराच्या वर्षी त्याने तीन म्हाताऱ्यांना खांद्यावर घालून टेकडीवर नेलं होतं. लोक त्याच्यामागे चालायचे. म्हणूनच दुसऱ्या दिवशी, रविवारी, उपासनेत त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला मंडळीचा कारभारी नेमायचं ठरलं होतं. सव्वीस वर्षांचा कारभारी! त्याच्या आईने नवा सदरा शिवून ठेवला होता. एकच गोष्ट उरली होती. हात ठेवायच्या आधी मंडळीतल्या सगळ्यात थोरल्या बाईने उभं राहून "हो" म्हणायचं, ही आमच्या चर्चची जुनी चाल. म्हणजे मोठ्या आईने.

बेथेलचा कर्णधार हॅस्केल प्युरिफॉय. धिप्पाड, बोलायला संथ, लोहारकाम करणारा. तो तिसऱ्या कोपऱ्यावरच उभा राहायचा, माझ्या शेजारी. त्याचा पाय जड, पण कधी मुद्दाम माझ्यावर रेटला नाही त्याने.

शेवटचा डाव आला. दोघांच्या चार-चार धावा. आता आमची पाळी. आयसमकाका डोळे चोळत म्हणाले, "मला ही गादी दिसतच नाही. माती आणि गादी एकच झालीय. कुणीतरी पांढरी करा."

मोठी आई बाकावरून उठली. चुन्याच्या भुकटीचा डबा घेऊन गुडघे धरत आली, आधी फडक्याने मला झटकलं, मग मुठीने चुना पसरला. मी नव्या नवरीसारखी पांढरीशुभ्र झाले.

"हॅस्केल, जरा सर," ती म्हणाली. "तुझ्या सावलीत मला दिसत नाही."

"मोठी आई, तुमच्या गादीपेक्षा माझ्या आजीची उशी मळकी आहे," हॅस्केल म्हणाला.

"मग तिला सांग धुवायला. तोंड मिटून चेंडूकडे बघ."

ती बाकावर जाऊन बसली. पहिल्याच चेंडूला ॲन्सेलने असा फटका मारला की तो आवाज अजून माझ्या पोटातल्या भुशात आहे. चेंडू कापसात गडप झाला. बेथेलचा पोरगा रोपं उपसून शोधतोय आणि इकडे ॲन्सेल सुटलाय. पहिली गादी, दुसरी गादी. बाया उभ्या राहिल्या. कुणी टोपी फेकली, कुणी रडायलाच लागलं. ॲन्सेल माझ्याकडे आला. टोपी काढून त्याने बाकांकडे हलवली, हसला, आणि गेला.

मला वारा लागला. बूट नाही लागला. चार बोटं पलीकडे, मातीत पडला त्याचा पाय.

आता यातला नियम ऐका, तो महत्त्वाचा आहे. धावणाऱ्याची गादी चुकली तर पंच आपणहून अवाक्षर काढत नाही. समोरच्या संघाने चेंडू गादीला टेकवून त्याला विचारायचं, तेव्हाच तो निकाल देतो. तेही मैदान सोडायच्या आत. एकदा त्या संघाने मैदान सोडलं की विषय संपला, धाव खरी.

चेंडू फेकत फेकत हॅस्केलच्या हातात आला, तोवर ॲन्सेल घरी पोचला होता आणि अख्खं गिलाद त्याच्या अंगावर पडलं होतं. हॅस्केल माझ्या शेजारी उभा. चेंडू त्याच्या मुठीत. त्याने खाली माझ्याकडे बघितलं. इतकी पांढरी मी, डागसुद्धा नाही. मग त्याने त्या गर्दीकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे. त्याला फक्त वाकायचं होतं. माझा जीव वरखाली होत होता. वाक, असंही वाटत होतं, आणि नको वाकूस, असंही. माझ्या मोठ्या आईचा संघ होता हो तो! सात वर्षांनी जिंकलेला!

हॅस्केल बराच वेळ उभा राहिला. कशाची तरी वाट बघत असल्यासारखा. मग त्याने चेंडू माझ्या कडेला हळूच मातीत ठेवला आणि आपल्या माणसांना घेऊन मैदानाबाहेर चालू लागला.

का? मला काही केल्या कळेना.

मोठी आई नेहमीप्रमाणे आम्हाला उचलायला आली. थोरली आणि मधली तिने हातगाडीत टाकल्या. मला उचललं आणि थबकली. मला तिरकं केलं, उन्हाकडे धरलं. चुना पसरल्यावर माझ्यावरून एकच माणूस गेला होता, आणि माझ्यावर त्याची खूण नव्हती. तिने कडेवरून बोट फिरवलं. जिथे ॲन्सेलचा बूट पडला होता ती मातीतली खूणही बघितली. मग मला गाडीत न टाकता तिने काखेत मारलं. तिच्या चांगल्या काळ्या झग्याला चुना लागला, तरी तिने झटकला नाही.

झाडाखाली टेबलं मांडली होती. कढया चढल्या होत्या, मक्याच्या पिठात घोळलेले मासे चुरचुरत होते. आणि तिथे एक मजाच चालली होती. आमच्या गिलादच्या बायांना बसायची सवयच नव्हती! सात वर्षांच्या खोडीने त्या सारख्या उठून झारे हातात घेत होत्या. हॅस्केलची आई त्यांना हाकलत होती.

"बसा गं बायांनो! वाढायचा मान आज आमचा."

"अगं, पण तो तुकडा करपतोय."

"करपू दे! सात वर्षं तुमच्या हातचं करपलेलं खाल्लं ना आम्ही? चकार शब्द काढला का?"

"करपलेलं?" आमची एक बाई उठलीच. तिला दोघींनी धरून खाली बसवलं.

ॲन्सेल टेबलाच्या टोकाला बसला होता. हॅस्केल कंबरेला फडकं बांधून, जड पातेलं घेऊन त्याला मासे वाढत होता. पाळकसाहेबांनी ॲन्सेलच्या पाठीवर थाप मारली. "उद्याच्या दिवसाची तयारी आहे ना?" ॲन्सेल हसला, पण त्याने अजून एकही घास घेतला नव्हता.

मोठ्या आईने मला त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"मोठी आई, जेवणाच्या टेबलावर हे काय?"

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही, लेका. यावर तुझ्या बुटाची खूण कुठे आहे तेवढी दाखव."

त्याने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अगदी हळू आवाजात म्हणाला, "पंच काही बोलले नाहीत."

"पंचांना विचारलंय का मी?"

"नियम आहे, मोठी आई. त्यांनी मैदानातच विचारायला हवं होतं. आता काही करता येत नाही. सामना आपलाच."

"आपलाच आहे. मी कुठे नाही म्हणते? मासे खा."

तो खाईना. मोठी आई हलेना. तिने आणखी एकच प्रश्न विचारला. "तुला तेव्हाच कळलं होतं?"

"पायाला कळलं होतं," तो म्हणाला. "पायाखाली काहीच आलं नाही. घरी पोचल्यावर मागे फिरावं असं मनात आलं. फिरता येतं. पण तोवर सगळ्यांनी उचललं मला. आई रडत होती. आणि उद्या... उद्याचं माहीतच आहे तुम्हाला."

मग तो उठला. खुर्ची मागे पडली. सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. ॲन्सेलने मला दोन्ही हातांत उचलून सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाला, "तिसऱ्या गादीला माझा पाय लागला नाही. ही धाव खोटी आहे. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही."

मग आयसमकाका म्हणाले, "माझ्याकडे बघू नका रे. मला तर ती गादी चुना लावल्यावरही दिसली नव्हती."

कुणी हसलं, कुणी हसता हसता थांबलं. सगळे हॅस्केलकडे बघायला लागले. मीही बघत होते. माझं कोडं त्याच्याकडेच होतं.

"तू तिथेच होतास," मोठी आई त्याला म्हणाली. "चेंडू तुझ्या हातात होता. का नाही टेकवलास?"

हॅस्केलने हातातलं पातेलं कंबरेला टेकवलं. डोकं खाजवलं. "आईला वाढायची फार हौस होती, मोठी आई. म्हटलं, होऊ दे एक वर्ष."

"खरं बोल."

"मी थांबलो होतो," तो संथपणे म्हणाला. "वाटलं, ॲन्सेल फिरेल. त्याला कळलंय हे त्याच्या चालीवरून दिसत होतं. मी तोंड उघडलं असतं तर तो बाद झाला असता, बस. त्याने स्वतः फिरावं एवढीच माझी इच्छा. मी खूप वेळ थांबलो. मग तुमच्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या दिसल्या आणि मला वाकवेना. चुकलं असेल माझं. आमची पोरं आता मला सोडणार नाहीत."

"नाहीच सोडणार," बेथेलच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं.

ॲन्सेलने मला छातीशी घट्ट धरलं. पाळकसाहेब घसा खाकरून पुढे आले. "मोठी आई, पोराने सगळ्यांसमोर कबूल केलंय. मन मोठं लागतं त्याला. उद्याच्या उपासनेत आपण..."

मोठ्या आईने हात वर केला. ॲन्सेलची आई तोंडाला पदर लावावा तसा फडक्याचा बोळा लावून उभी होती. उद्याचं "हो" एकाच बाईच्या तोंडात होतं, आणि ती बाई गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठली. ॲन्सेलच्या इतकी जवळ गेली की मी दोघांच्या मध्ये दाबली गेले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती त्याला म्हणाली,

"ॲन्सेल, पाय कुणाचाही चुकतो. तो मी आत्ताच विसरले. पण गादी तुझ्यासमोर आणून ठेवीपर्यंत तुझी जीभ गप्प बसली, ते मी विसरणार नाही. उद्या मी उभी राहीन आणि नाही म्हणेन. तुझ्या आईने सदरा शिवलाय, तो घालून ये आणि पहिल्या बाकावर बस, पळून जाऊ नकोस. वर्षभर दर शनिवारी या तिन्ही गाद्या तू झटकायच्यास, तू धुवायच्यास, तू पांढऱ्या करायच्यास. पुढच्या वर्षी मी पाळकांना विचारणार नाही आणि तुलाही विचारणार नाही. मी बेथेलच्या या लोहाराला विचारीन. तो हो म्हणाला तर तुझ्या डोक्यावर पहिला हात माझा. आता हे फडकं बांध कंबरेला, आणि ते पातेलं घे त्याच्या हातातून. सकाळपासून उभा आहे तो."